पोळ्यातले रंग: मेण पिवळं का, मध काळा का?

एप्रिलच्या सुरुवातीला कुळागरातली, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतली, मधमाश्यांची तिसरी पेटी उघडली. पहिली चौकट वर घेतली, तर पोळं कागदासारखं पांढरं. उन्हाकडे धरलं तर पलीकडच्या बोटाची सावली दिसेल इतकं पातळ. शेवटची चौकट काढली, तर पोळं काळंकुळकुळीत, चुलीवरच्या कौलासारखं, आणि माश्यांनी ते एका कडेने कुरतडायला घेतलेलं. वाळपईहून आलेली भाची शेजारी उभी होती. "मामा, मेण पिवळं असतं ना? मग हे पांढरं कशाचं आणि ते काळं कशाचं?"

दोन्ही मेणच. एकाच पेटीतलं, एकाच राणीच्या लेकींनी बांधलेलं. तिला तिथे उभ्या-उभ्या जमेल तेवढं सांगितलं. पण हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने मला सारखा भेटतो. फोंड्याच्या एक शिक्षिका दरवर्षी माझ्याकडून मध नेतात. फेब्रुवारीत नेलेली बाटली सोनेरी होती, मे महिन्यातली जवळजवळ काकवीच्या रंगाची निघाली. त्यांनी फोन केला, "मागच्या खेपेचा असा काळा नव्हता हो. यातला खरा कुठला?" त्यांच्या आवाजात शंका होती आणि ती मला लागली, कारण दोन्ही बाटल्या त्याच सहा पेट्यांतल्या होत्या. तेव्हापासून हे सगळं एकदा नीट लिहायचं मनात होतं.

मेण आणि मध एकाच पोळ्यात राहतात, पण त्यांना रंग येण्याच्या वाटा उलट्या आहेत. मेण बिनरंगी जन्मतं आणि त्याला रंग बाहेरून लागतो. मध फुलातूनच रंग घेऊन येतो आणि पुढे आतल्या आत आणखी गडद होत जातो. ही एक गोष्ट धरून ठेवली की बाकीचं उलगडायला सोपं जातं.

मेण कुठून येतं

मेण माशी कुठून गोळा करून आणत नाही, ते तिच्या अंगातून निघतं. कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात आणि माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची असताना त्या सगळ्यात जोमाने चालतात. त्याआधी ती पिलांची दाई असते, नंतर मकरंदासाठी रानात जाते. मधल्या दिवसांत ती गवंडी. पोटभर मध खाऊन माश्या एकमेकींचे पाय धरून साखळीने लोंबकळतात आणि ग्रंथींतून पाझरलेलं पातळ मेण हवेत थिजून त्याचे खवले होतात. एका ग्रॅमला असे हजारभर खवले लागतात. एक किलो मेण तयार करायला माश्या सहा ते आठ किलो मध खर्च करतात, असा अंदाज मधपाळ नेहमी देतात. चांगलं पोळं मधाच्या हावेपायी चुरडून टाकणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

ताजा खवला काचेसारखा आरपार दिसतो. माशी तो पायाने ओढून तोंडात घेते, लाळेत कालवून चावते आणि भिंतीला लावते. चावून झाल्यावर तोच खवला पांढरा दिसू लागतो. त्यात पांढरा रंग कुणी घातलेला नसतो. खडीसाखरेचा मोठा खडा घ्या, त्यातून पलीकडचं दिसतं. तोच खलबत्त्यात कुटला की पांढरीशुभ्र भुकटी होते. साखर तीच असते, पण आता उजेडाला हजारो बारीक कडा भेटतात, तो प्रत्येक कडेवर वळतो आणि सगळीकडे विखुरतो. सगळे रंग सारखेच विखुरले की डोळ्याला पांढरं दिसतं. नव्या पोळ्याचा पांढरेपणा हा असा आहे. खडीसाखरेचं हे उदाहरण पुढे मधालाही लागू पडणार आहे.

मग पिवळेपणा? तो परागाचा. परागकणांवर तेलकट आवरण असतं आणि त्यात कॅरोटिनॉइड जातीची रंगद्रव्यं असतात, गाजराला, पिकल्या आंब्याला आणि झेंडूला रंग देणारी तीच. ही रंगद्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. मेण चरबीच्याच गोतावळ्यातलं, त्यामुळे ते हा रंग पिऊन घेतं. प्लास्टिकच्या डब्यात हळदीची आमटी ठेवली की डबा पिवळा पडतो आणि कितीही घासला तरी निघत नाही, कारण रंग फोडणीच्या तेलातून प्लास्टिकच्या आत शिरलेला असतो. मेणाचंही तसंच होतं. परागाने माखलेले हजारो पाय दिवसभर त्या भिंतींवरून चालतात, पेशींत पराग ठासून भरला जातो आणि पेशी पिवळी पडते. परागच वेगळा असेल तर छटाही वेगळी येते. सूर्यफुलाच्या शेताशेजारच्या पेट्यांतलं मेण गर्द पिवळं असतं.

परदेशी मेलिफेरा माशी झाडांच्या कळ्यांवरचा चिकट डिंक आणून फटी बुजवते, त्यानेही तिच्या मेणावर तांबूस-तपकिरी छटा चढते. आपली देशी सातेरी माशी डिंकाच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. कुळागरात ज्यांनी सातेरी पाळली आहे त्यांनी मेणाच्या रंगाबद्दल परदेशी पुस्तकांत वाचलेलं सगळं आपल्या पेटीला लावू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

काळा रंग मात्र पिलांचा. पेशीत राणी अंडं घालते, अळी होते, अळी स्वतःभोवती रेशमाचा कोश विणते आणि अंड्यापासून साधारण वीस दिवसांत नवी कामकरी माशी बाहेर पडते. तिच्या मागे कोशाचा पापुद्रा आणि अळीची विष्ठा पेशीत राहते. माश्या पेशी चाटून-पुसून ठेवतात, पण पापुद्रा भिंतीला चिकटलेला असतो, तो निघत नाही. मग दुसरं अंडं, दुसरा कोश. पिढीमागून पिढी हे थर चढत जातात आणि पिवळी पेशी आधी तपकिरी, मग काळी होते. पेशीचं तोंडही लहान होत जातं. अशा पोळ्यात आता मेणाची भिंत थोडी आणि रेशमाचे थर फार. ते वितळवलं तर मेण चमचाभर निघतं आणि चोथा पातेलंभर. सातेरीला असं जुनं पोळं आवडत नाही, ती ते स्वतःच कुरतडून पाडते आणि जागेवर नवं बांधते. माझ्या तिसऱ्या पेटीत त्या दिवशी तेच चाललं होतं.

पेटीच्या वरच्या भागात, जिथे फक्त मध साठतो आणि पिलं वाढत नाहीत, तिथलं पोळं वर्षानुवर्षं फिकट राहतं. सगळ्यात सुंदर मेण असतं ते पिकलेल्या मधावरच्या झाकणांचं. ते त्याच हंगामात, नव्या मेणाने घातलेलं असतं. काढणीच्या वेळी सुरीने ही झाकणं उतरवतात, ती वेगळी ठेवा. जुन्या पोळ्याच्या मेणात मिसळू नका.

कढईत बिघडणारा रंग

पहिल्या वर्षी मी झाकणांचं हे लोण्यासारखं मेण घरातल्या लोखंडी कढईत वितळवलं. गाळून थंड केलं तेव्हा वडी चॉकलेटी झाली होती. मला वाटलं जळलं. जळलं नव्हतं. मेणात दहा-बारा टक्क्यांहून जास्त मोकळी स्निग्ध आम्लं असतात, ती लोखंडाला लागली की लोहाचे तपकिरी क्षार तयार होतात आणि मेणात विरघळतात. घरातल्या बाईमाणसाला हे विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं, कारण लोखंडी कढईत कोणी भिरंडाची, म्हणजे कोकमाची, कढी करत नाही आणि कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं तर ते कळकतं. तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात मेण हिरवट होतं ते त्याच कारणाने. स्टीलचं किंवा चांगलं कल्हई केलेलं भांडं घ्यावं.

पाण्याचाही हात असतो. मेण नेहमी पाण्यासोबत वितळवतात, म्हणजे ते थेट आचेवर येत नाही आणि घाण खाली बसते. पण पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम मेणाच्या आम्लांशी जुळून साबणासारखा पदार्थ करतं आणि वडीच्या बुडाला करडा, भुसभुशीत थर येतो. मी पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी गाळून ठेवतो, ते याच कामासाठी. मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतं. 85 अंशांच्या पुढे नेलं की त्याचा रंग काळवंडू लागतो आणि वासही जातो. चुलीची घाई इथे चालत नाही. आणि मेण लवकर पेट घेतं, त्यामुळे भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवूनच वितळवा आणि जवळून हलू नका.

वडी काही महिने ठेवली की तिच्यावर राखाडी-पांढरी साय येते. लोक बुरशी समजून टाकून देतात. ती बुरशी नाही. मेणातले हलके, कमी तापमानाला वितळणारे घटक हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर स्फटिक धरतात. फडक्याने पुसा किंवा थोडं ऊन दाखवा, साय गायब होते. मी तर उलट ती साय दिसली की खूश होतो, कारण पॅराफिनवर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या मेणावर, ती अशी येत नाही.

ऊन मेणाला पांढरं करतं

म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मेरीमातेच्या, फेस्ताला (जत्रेला) गेलात तर मेणाचे हात, पाय, डोळे आणि लहान मुलांच्या आकृत्या विकायला दिसतील. ज्या अवयवाचं दुखणं त्याचीच मेणाची प्रतिकृती वाहायची, असा नवस. शिरगावची लईराई देवी आणि मिलाग्र या बहिणी असं आपल्याकडे मानतात, त्यामुळे या रांगेत हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही असतात. माझी आजी पायाच्या दुखण्यासाठी मेणाचा पाय वाहायची, हे मला लहानपणापासून आठवतं. ते पाय पांढरे असायचे. मधमाशीचं मेण पिवळं आणि हे पांढरं कसं, हा प्रश्न मला पेट्या ठेवायला लागल्यावर पडला.

आज या वस्तू बहुतेक पॅराफिनच्या असतात. पॅराफिन खनिज तेलातून निघतं आणि शुद्ध केलं की मुळातच पांढरं असतं. ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाजारात आलं. त्याआधी पांढरी मेणबत्ती हवी तर मधमाशीचंच मेण पांढरं करावं लागे आणि चर्चच्या वेदीवर मधमाशीच्या मेणाचाच आग्रह होता. पांढरं करायचं तंत्र साधं होतं, फक्त फार वेळखाऊ. वितळलेलं मेण पाण्यात फिरणाऱ्या ओल्या लाकडी रुळावर ओतायचं, त्याच्या कागदासारख्या फिती निघायच्या, त्या कापडावर पसरून दिवसच्या दिवस उन्हात ठेवायच्या, वरून पाणी शिंपडायचं आणि अधूनमधून उलटायच्या. पुन्हा वितळवून पुन्हा फिती काढायच्या. अंत्यविधीच्या प्रार्थनेला मात्र पांढरं न केलेल्या, पिवळ्या मेणाच्या मेणबत्त्या लावायची कॅथलिक रीत होती. म्हणजे मेणाच्या या दोन रंगांना प्रसंगही दोन होते.

उन्हाने रंग का जातो? हळदीने पिवळा झालेला तो प्लास्टिकचा डबा उन्हात ठेवून पाहा. दोन-चार दिवसांत बराच निवळतो. कॅरोटिनॉइडच्या रेणूत कार्बनच्या दुहेरी बंधांची लांब साखळी असते. ती निळा उजेड शोषते, म्हणून आपल्याला उरलेला पिवळा-केशरी दिसतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ती साखळी तोडतात. तुकडे आखूड झाले की त्यांना दिसणारा उजेड शोषता येत नाही आणि रंग संपतो. फिती पातळ करायच्या त्या एवढ्यासाठीच, ऊन आतपर्यंत पोचायला हवं. मी फेब्रुवारीत ओल्या स्टीलच्या पेल्यावर मेणाचे पापुद्रे काढून गच्चीवर पसरले होते. दोन-तीन आठवड्यांत त्यांचा रंग हस्तिदंती झाला. काळ्या पोळ्याच्या मेणाला मात्र ऊन फारसं काही करत नाही, कारण त्याचा तपकिरीपणा वेगळ्या द्रव्यांचा असतो. आणि लोखंडाने आलेला रंग तर उन्हाने जातच नाही. माझी ती चॉकलेटी वडी अजून तशीच आहे, दाराच्या कड्या-बिजागऱ्यांना लावायला उपयोगी पडते.

आता मध

मेणाच्या उलट, मधाला रंग पहिल्या थेंबापासून असतो. मकरंद म्हणजे साखरेचं पातळ पाणी, त्यात फुलाने दिलेली फ्लॅव्होनॉइडं, इतर फिनॉलिक द्रव्यं, थोडी कॅरोटिनॉइडं आणि जमिनीतून आलेले क्षार. मकरंदात ती इतकी विरळ असतात की तो बहुधा पाण्यासारखाच दिसतो. माश्या तो तोंडातून तोंडात फिरवतात, पंखांनी वारा घालतात, पाणी उडवतात आणि पाण्याचं प्रमाण साधारण 20 टक्क्यांपर्यंत आलं की पेशी झाकतात. पाणी गेलं, साखर दाट झाली, तशी रंगद्रव्यंही दाट झाली. उसाचा रस आटवत गेलं की रंग चढत जातो, तशातला हा प्रकार, फक्त इथे चूल नसते.

फुलाचा रंग पाहून मधाचा रंग सांगता येत नाही, हे लोकांना पटवणं मला सगळ्यात अवघड जातं. जांभळाचा मोहोर पांढरट असतो, पण त्याचा मध गडद आणि चवीला किंचित तुरट. मोहरीचं शेत पिवळंधमक, तिचा मध मात्र फिका आणि थोड्याच दिवसांत गोठून पांढरट होणारा. पाकळीचा रंग पाकळीतच राहतो, मकरंद वेगळ्या ग्रंथीतून येतो. सह्याद्रीतल्या कारवीला साधारण आठ वर्षांतून एकदा जांभळी-निळी फुलं येतात आणि अख्खे डोंगर रंगतात, तिचा मध गडदसर आणि दाट असतो, पण जांभळा नसतो.

आमच्याकडे थंडीच्या शेवटी काजू आणि आंब्याचा मोहोर, कुळागरात माड आणि पोफळी बारमाही, आणि मार्च-एप्रिलकडे जांभूळ. माशी एका झाडाशी लग्न लावून बसत नाही, त्यामुळे माझा मध नेहमी मिश्रच असतो. तरीही फेब्रुवारीत काढलेला सोनेरी निघतो आणि मे महिन्यातला काळसर, कारण मधल्या काळात जांभूळ येऊन गेलेलं असतं. फोंड्याच्या बाईंच्या दोन बाटल्यांमधला फरक एवढाच होता.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखलं होतं. चरकसंहितेत मधाच्या चार जाती सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला रंग दिला आहे: माक्षिक तेलाच्या रंगाचा, पौत्तिक तुपाच्या रंगाचा, क्षौद्र कपिल म्हणजे पिंगट आणि भ्रामर पांढरा. एकच रंग खरा आणि बाकीचे खोटे असं त्यात कुठे नाही. सगळे मधच.

गडद मधात साधारणपणे क्षार आणि फिनॉलिक द्रव्यं जास्त असतात, हे खरं आहे. पण त्यावरून पुढची उडी घेतली जाते ती मला धोक्याची वाटते. "जांभळाचा मध, म्हणजे डायबेटिसवाल्यांना चालतो," असं बाजारात बिनदिक्कत सांगतात. नाही चालत. जांभळाच्या बीबद्दल जे काही सांगितलं जातं ते मकरंदात उतरत नाही. कुठल्याही मधात जवळपास 80 टक्के साखरच असते, प्रामुख्याने फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि ती रक्तात साखरेसारखीच वागते. माझ्याकडे या कारणासाठी मध मागायला येणाऱ्याला मी डॉक्टरांना विचारून या असं सांगतो आणि तो बहुधा दुसरीकडून विकत घेतो, याचं मला वाईट वाटतं. आणि विषय निघालाच आहे तर: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कुठल्याही रंगाचा. त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते विष तयार करतात.

बाटलीत गडद होणारा मध

बाटलीत भरून ठेवलेला मध वर्षभराने गडद दिसतो. ही प्रक्रिया तुमच्या स्वयंपाकघरात रोज होते. बासुंदी आटवताना दूध गुलाबी-बदामी होतं, पोईचं, म्हणजे गोव्याच्या पावाचं, कवच तांबूस भाजलं जातं, भाकरीवर टिपके उठतात. साखर आणि प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, एकमेकांना भिडून तपकिरी द्रव्यं तयार करतात. 1912 मध्ये लुई-कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हिचं वर्णन केलं, तिला त्याचंच नाव आहे. मधात साखर भरपूर आणि परागातून आलेली अमिनो आम्लं थोडी, त्यामुळे मध थंडगार कपाटातही ही क्रिया मुंगीच्या पावलांनी करत राहतो. उष्णता मिळाली की तिचा वेग कित्येक पटींनी वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली बाटली आणि कणगीशेजारी अंधारात ठेवलेली बाटली चवथीला शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

याच वेळी मधात हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, थोडक्यात एचएमएफ, नावाचं द्रव्यही वाढतं. ते साखरेपासून आम्लात बनतं आणि मध किती तापवला किंवा किती जुना आहे याचा तो चांगला पुरावा मानतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात किलोमागे 40 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातल्या मधासाठी 80 ची. उन्हाळ्यात मध आपोआपच थोडा पुढे जातो, हे त्या दुप्पट मर्यादेतच मान्य केलेलं आहे.

म्हणजे पाहा, त्याच पोळ्याचा एक तुकडा मधासकट काचेखाली उन्हात ठेवला तर मेण फिकं होईल आणि मध तापून गडद होईल.

जुन्या काळ्या पोळ्यात साठवलेला मध नव्या पोळ्यातल्यापेक्षा थोडा गडद होतो, कारण तो भिंतीतलं काही ना काही विरघळवून घेतो. रानातल्या आग्याचं मोहोळ पिलांसकट पिळलं तर रंग गढूळ होतो, पण तो रंग मधाचा नव्हे, पराग आणि अळ्यांच्या रसाचा. सत्तरीत आणि सांग्यात जे जाणते मध काढतात ते फक्त वरचा मधाचा भाग कापतात, पिलांचा भाग फांदीवर ठेवतात. मध स्वच्छ मिळतो आणि मोहोळही जगतं.

रंग पाहायचा कसा

चहा कपात काळसर दिसतो, बशीत ओतला की फिका. जितका थर जाड तितका उजेड जास्त गिळला जातो, म्हणून रुंद बरणीतला मध आणि चपट्या बाटलीतला मध यांची तुलना करण्यात अर्थ नाही. व्यापारात यासाठी फुंड मापक वापरतात. एका बाजूला निमुळत्या होत गेलेल्या पिवळसर काचेची पाचर, दुसऱ्या बाजूला तशाच निमुळत्या काचपात्रात मध. मधाचा रंग काचेशी कुठे जुळतो ते सरकवून पाहायचं आणि आलेलं अंतर मिलिमीटरमध्ये वाचायचं. 8 मिलिमीटरपर्यंत असेल तर तो जवळजवळ पाण्यासारखा, 114 च्या पुढे गेला तर सगळ्यात गडद गटात. घरी एवढं पुरे: दोन सारखे काचेचे पेले, दोन्हींत दोन बोटं मध, खाली पांढरा कागद आणि दिवसाचा उजेड. ट्यूबलाइटखाली नको, पिवळ्या बल्बखाली तर नकोच.

मध गोठला असेल तर तुलना फसते. ग्लुकोजचे कण धरले की खडीसाखरेचा नियम पुन्हा लागू होतो: उजेड विखुरतो आणि गडद मधसुद्धा फिकट, लोणकढ्या तुपासारखा दिसतो. गोठणं हे भेसळीचं लक्षण नव्हे. ज्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, तो लवकर गोठतो, बस. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मूळ रंग परत येतो. पाणी उकळतं नको, नाहीतर वरची तपकिरी प्रक्रिया आपणच घाईने उरकून घेऊ.

आणि शुद्धतेचं काय? रंगावरून ती कळत नाही. साखरेच्या पाकालाही सोनेरी रंग देता येतो. पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवणे, अंगठ्यावर घेणे हे घरगुती खेळही काही सिद्ध करत नाहीत, दाट पाक त्यांत सहज पास होतो. उसाचा पाक मिसळला असेल तर कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, प्रयोगशाळेत सापडतो, तांदळापासून केलेला पाक मात्र त्या चाचणीतून निसटतो. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या मधांबद्दल हेच उघड केलं होतं. त्यानंतर लोक माझ्याकडे बाटली उजेडात धरून बघू लागले. त्यांची काळजी मला समजते, पण उत्तर त्या उजेडात मिळणार नाही.

रंग विचित्र असूनही माशीचा दोष नसतो, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. 2012 मध्ये फ्रान्सच्या अल्सास भागात, रिबोव्हिले गावाजवळ, मधपाळांच्या पेट्यांत निळा आणि हिरवा मध निघाला. जवळच्या बायोगॅस प्रकल्पात रंगीत चॉकलेट-गोळ्यांचा कचरा येत होता आणि माश्या त्या गोळ्यांची साखर उचलून आणत होत्या. मधपाळांनी तो विकला नाही. मकरंद असो की मिठाईचा रंग, गोड पाण्यातून जे आलं ते मधात राहतं.

गोव्याच्या जुन्या घरांतल्या एका माशीबद्दल मात्र सांगायलाच हवं. चिऱ्याच्या भिंतीच्या फटीतून काळपट, चिकट नळी बाहेर आलेली दिसते आणि तिच्या तोंडाशी डासाएवढ्या माश्या. त्या डंख मारत नाहीत, कोकणात त्यांना पोया म्हणतात. या माश्या मेणात झाडांचा चीक आणि राळ भरपूर मिसळतात, म्हणून त्यांचं मेण कधी पांढरं किंवा पिवळं नसतंच, सुरुवातीपासून तपकिरी-काळं. मध पातळ आणि आंबटसर असतो, षटकोनी पेशींत नव्हे तर द्राक्षांसारख्या छोट्या मडक्यांत साठवलेला. घर रंगवताना ती नळी घाण समजून खरवडून टाकतात. कृपा करून टाकू नका.

फोंड्याच्या बाईंना मी फोनवर यातलं निम्मंही सांगू शकलो नव्हतो. पुढच्या काढणीपासून बाटलीवर चिठ्ठी लावायला लागलो. एकीवर लिहिलं: "फेब्रुवारी, काजू-आंबा-माड." दुसरीवर: "मे, जांभळाचा मोहोर." या वर्षी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला त्या आल्या, दोन्ही बाटल्या खिडकीपाशी नेऊन पाहिल्या आणि काळसर मागितली. जाताना भाचीने त्यांच्या हातात झाकणांच्या मेणाची एक वडी ठेवली, राखाडी साय आलेली, आणि फडक्याने ती कशी पुसायची ते दाखवलं.